ज्ञानकोशाची चावडी : मिरासदार आणि उपरी

मराठी मुलखांत गांवगाडा चालत होता त्या काळीं प्रत्येक गांवांत दोन प्रकारचे रहिवासी असत; एक मिरासदार व दुसरे उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, त्याचें घर गांवठाणांत, गांवकीच्या सभेंत त्याला मान आणि मत. उपरी हा बाहेरून आलेला. तो कूळ म्हणून जमीन कसावयाचा. परंतु गांवच्या मानपानांत त्याला स्थान नसे, आणि एखादें वर्ष वाईट गेलें कीं तो बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गांवीं चालता होई. वतनाचा, शिवेचा किंवा मानाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा भरे. वादी व प्रतिवादी आपापलें म्हणणें मांडीत, जुने कागद व वडील माणसांच्या साक्षी पुढें येत, आणि निर्णय झाला म्हणजे त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर जमलेल्या मंडळींच्या सह्या व निशाण्या होत. पाटलाची निशाणी नांगर. पुढें कोणी शंका काढली तर हा महजर दाखवावयाचा, कीं अमक्या दिवशीं, अमक्यांच्या समक्ष, अमक्या पुराव्यावरून असें ठरलें आहे.

श्रोतेहो, तो गांवगाडा मोडला, मिराशी गेल्या, महजर दप्तरखान्यांत जाऊन पडले. परंतु जुन्याजाणत्यांनीं नव्यानें आलेल्याशीं कसें वागावें, तंट्याची भाषा कोणती असावी, आणि आम्ही कोण व आमचा मुलूख कोणता या वादाचा निवाडा कशाच्या आधारें करावा, हे तीन प्रश्न जुने झालेले नाहींत. आपल्या भाषेंत ते सध्यां एका अगदीं नव्या ठिकाणीं उभे राहिले आहेत. तें ठिकाण म्हणजे सर्वांनीं मिळून संगणकावर लिहावयाचा ज्ञानकोश, मराठी विकिपीडिया. त्याच्या निमित्तानें या तीन प्रश्नांचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मराठींत ज्ञानकोशाची कल्पना नवी नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकले. भारतांतील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. स्वदेशीं परतल्यावर १९१६ च्या सुमारास त्यांनीं नागपुरास ज्ञानकोशाचें मंडळ उभारलें आणि पुढें तें काम पुण्यास आणलें. भाग विकून भांडवल जमवावयाचें, आगाऊ वर्गणीदार मिळवावयाचे आणि पगारी सहकारी ठेवून कोश सिद्ध करावयाचा, अशी ती योजना होती. १९२० च्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. केतकरांनीं कोशास 'मराठी' न म्हणतां 'महाराष्ट्रीय' म्हटलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कोश कोणत्या भाषेंत आहे एवढेंच त्यांना सांगावयाचें नव्हतें. जगाकडे कोणत्या ठिकाणीं उभें राहून पाहिलें आहे तेंही सांगावयाचें होतें. पहिले पांच खंड प्रस्तावनेचे, आणि त्यांतल्या पहिल्याचें नांव 'हिंदुस्थान आणि जग'. म्हणजे मराठी ज्ञानकोशाच्या पहिल्या पानापासूनच प्रादेशिक अस्मितेचा प्रश्न त्याच्या सोबत आहे. तो कोणा उपद्रवी माणसानें मागाहून आंत आणलेला नाहीं.

केतकरांच्या नंतर दुसरा मोठा उद्योग मराठी विश्वकोशाचा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं स्थापन झालें, त्याच वर्षीं साहित्य संस्कृति मंडळ निर्माण झालें, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाई येथें कोशाचें कार्य सुरू झालें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं वाचकांच्या हातीं आला. या दोन्ही कोशांत एक गोष्ट समान होती. संपादकाचें दार लागलेलें असे. आंत विद्वान, बाहेर वाचक. एखाद्या वाचकास आपल्या गांवाविषयींची नोंद चुकीची वाटली, तर त्यानें संपादकांस पत्र लिहावें अथवा वर्तमानपत्रांत तक्रार छापावी. पानावर त्याचा हात पोहोंचत नसे. त्यामुळें वाद झाले तरी ते कोशाच्या बाहेर झाले, आणि छापील पान शांत राहिलें. त्या शांततेंत किती जणांचें म्हणणें मुकें राहिलें हें त्या पानावरून कळावयास मार्ग नाहीं.

हें दार प्रथम उघडलें तें परदेशांत. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९९५ सालीं अशी एक सोय निर्माण केली कीं, पान वाचणाऱ्यालाच तें तेथल्या तेथें दुरुस्त करतां यावें. तिला त्यानें 'विकि' हें नांव दिलें. हा शब्द हवाई बेटांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ 'जलद' असा आहे. याच सोयीवर जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजी विकिपीडिया सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनाचा. आज त्यांत नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा असणारे लोक आठ कोटींच्या वर आहेत. त्या मानानें नियमितपणें लिहिणारे मात्र मोजकेच, बोटांवर नाहीं तरी एका दिवाणखान्यांत मावतील इतके. ही विषमता लक्षांत ठेवावी, कारण पुढचें सारें म्हणणें तिच्यावरच उभें आहे.

या मंडळींनीं आपल्या कारभारासाठीं जे शब्द निवडले ते मोठे अर्थपूर्ण आहेत. इंग्रजी कोशांत सामाईक चर्चेच्या जागेस 'गांवचा पाण्याचा पंप' अशा अर्थाचें नांव आहे. मराठी कोशांत तिला 'चावडी' म्हणतात. नवख्यानें जेथें हात बसवावयाचा त्या पानास 'धूळपाटी' म्हणतात. जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें पाटीवर धूळ पसरून अक्षरें गिरवीत, चुकलें कीं हातानें पुसून टाकीत. त्या धूळपाटीची ही आठवण. मत घ्यावयाचें झालें म्हणजे 'कौल' लावतात. देखरेख करणारे ते 'प्रचालक'. म्हणजे नवें यंत्र हातीं आलें तेव्हां त्यास नांवें देतांना मराठी माणसाच्या मनांतलें गांवच वर आलें.

कामाची रीतही गांवकीशीं ताडून पाहण्याजोगी आहे. प्रत्येक लेखाच्या मागें त्याचा इतिहास जपलेला असतो. कोणीं, कोणत्या दिवशीं, कोणत्या घटकेला, कोणता शब्द काढला व कोणता घातला, हें तेथें पाहतां येतें. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चेचें पान असतें. तेथें बोलणाऱ्यानें शेवटीं चार नागमोडी रेघा काढल्या कीं त्याचें नांव व वेळ आपोआप उमटते. नांगराच्या निशाणीचें काम या चार रेघा करतात. महजरांत आणि या पानांत फरक एवढाच कीं महजर एकदां झाला म्हणजे तंटा मिटला असें मानीत. येथें निवाडा कायम तहकूब असतो. नवा पुरावा घेऊन कोणीही केव्हांही उभें राहूं शकतें.

आतां उपऱ्याकडे वळूं. समजा, चाकणजवळच्या एखाद्या कारखान्यांत पाळी करणारा तरुण रात्रीं घरीं येतो आणि हातांतल्या फोनवर आपल्या गांवाचा लेख उघडतो. लेख दोन ओळींचा आहे. त्याला वाईट वाटतें. तो उत्साहानें दहा ओळी लिहितो: आमचें गांव निसर्गरम्य आहे, ग्रामदैवत जागृत आहे, अमुक पुढाऱ्यांच्या कृपेनें रस्ता झाला आहे. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों त्या दहाही ओळी नाहींशा झालेल्या, आणि त्याच्या नांवाच्या पानावर एक ठराविक सूचना चिकटविलेली: संदर्भाविना मजकूर, जाहिरातवजा भाषा. काढणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचें कांहीं चुकलें नाहीं. अशीं पन्नास पानें त्यानें त्या दिवशीं तपासलीं असतील. पण तो तरुण पुन्हा येत नाहीं. एखादें वर्ष वाईट गेलेल्या उपऱ्यासारखें त्यानें बिऱ्हाड उचललेलें असतें.

हा अनुभव सर्व भाषांतला आहे, म्हणून इंग्रजी विकिपीडियांत फार आरंभींच एक नियम झाला कीं नवागतांना चावूं नये. त्याचा सोबती दुसरा नियम असा कीं समोरच्याचा हेतु चांगला आहे असें गृहीत धरून चालावें. एकमेकांचें लिखाण पुसण्याची चढाओढ लागूं नये म्हणून २००४ सालीं आणखी एक मर्यादा घातली गेली: एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षां अधिक वेळां दुसऱ्याचा बदल उलटवूं नये. हे नियम विद्वत्तेचे नव्हेत, वागणुकीचे आहेत. ज्ञानकोश लिहिण्यासाठीं माणसांना प्रथम एकत्र बसतां आलें पाहिजे हें त्या लोकांना अनुभवानें कळलें.

मराठींत या शिष्टाचाराला आणखी एक पदर आहे, आणि तो इंग्रजींतून उसना घेतां येत नाहीं. इंग्रजींत समोरच्याला संबोधण्यास एकच सर्वनाम पुरतें. मराठींत तूं, तुम्ही आणि आपण असे तीन दरवाजे आहेत, आणि कोणत्या दरवाजानें आंत जावें हें समोरच्याचें वय, नातें व मान पाहून आपण ठरवितों. कोशाच्या चावडीवर मात्र समोर बसलेला दिसतच नाहीं. टोपणनांवामागें सोळा वर्षांचा विद्यार्थी असेल, सेवानिवृत्त प्राध्यापिका असतील, अथवा परदेशांत राहणारा डॉक्टर असेल. म्हणून तेथें सर्वांना 'आपण' म्हणण्याची वहिवाट पडली, आणि ती उत्तम आहे. मराठी व्याकरणही येथें थोडें साहाय्य करतें. 'मी बदल करतों' किंवा 'करतें' म्हटलें कीं बोलणारा पुरुष कीं स्त्री हें उघड होतें. पण 'मीं हें लिहिलें', 'आपण हें वगळलें' असें म्हटलें तर क्रियापद कर्माच्या मागें जातें आणि लिहिणारा पडद्याआड राहतो. ज्या वादांत व्यक्तीकडे न पाहतां वाक्याकडे पाहावयाचें आहे त्याला हा प्रयोग फार सोयीचा आहे. तरीही एक दोष आपल्याकडे फार दिसतो. तो म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा दंडुका. नवख्याच्या लेखांत दहा गोष्टी नव्या असाव्या आणि जुन्यानें फक्त वेलांटी तेवढी पाहावी, हें घरीं आलेल्या पाहुण्याला पाणी न देतां त्याच्या जोड्यांवरची धूळ दाखविण्यासारखें आहे. वेलांटी आपण सुधारावी. त्यासाठीं चावडी भरवूं नये.

आदराचा हाच प्रश्न लेखाच्या विषयालाही येऊन भिडतो. मराठींत आदर हा विशेषणांत नसतो, तो क्रियापदांतच शिरलेला असतो. एखादा राजा 'आला' म्हणावें कीं 'आले' म्हणावें? इंग्रजी ज्ञानकोशाचा तटस्थतेचा नियम असा कीं, कोणाचाही पक्ष न घेतां सर्व महत्त्वाचीं मतें त्यांच्या आधारांसह सांगावीं आणि स्तुतिपर उपाधि टाळाव्या. इंग्रजींत हें साधतें, कारण तेथें क्रियापद सर्वांना सारखें. मराठींत एकवचन लिहिलें तर वाचकाला तो अपमान वाटतो, अनेकवचन लिहिलें तर लेखकानें नमस्कार केल्यासारखें होतें. तटस्थ असें तिसरें रूप भाषेंत नाहीं. मग मार्ग एकच उरतो: आदरार्थी रूप सर्वांना सारखें द्यावें, मित्राला तसें शत्रूला, राजाला तसें शाहिराला, आणि स्तुति वा निंदा करणारें विशेषण मात्र कोणाचें तें नांव घेतल्याशिवाय लिहूं नये. शिष्टाचार आणि तटस्थता यांचा मराठी मेळ असाच बसूं शकेल असें मला वाटतें.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे, हें फेब्रुवारी १९२५ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्यें, सर्वांना दिसून आलें. छत्रपति संभाजी महाराजांच्या चरित्रावरील एक चित्रपट त्या महिन्यांत प्रदर्शित झाला आणि हजारों लोकांनीं इंग्रजी विकिपीडियावरचा त्यांचा लेख उघडला. त्यांतील कांहीं मजकूर महाराष्ट्रांतील अनेकांना अवमानकारक वाटला. मुख्यमंत्र्यांनीं तो काढून टाकविण्याविषयीं आदेश दिले, राज्याच्या सायबर पोलिसांनीं विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेस नोटीस धाडली, आणि पुढें कांहीं संपादकांवर गुन्हाही नोंदविला गेला. १६८९ सालीं ज्या तुळापुराशीं महाराजांच्या अखेरच्या दिवसांची आठवण निगडित आहे, तें भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचें गांव चाकण-आळंदीच्या टापूपासून दूर नाहीं. तेव्हां या भागांतल्या भावना तीव्र असाव्या यांत नवल नाहीं. एका बाजूस असें म्हणणें होतें कीं, समाजाच्या श्रद्धास्थानाविषयीं कोणीही कांहींही लिहावें हें आम्ही सहन करणार नाहीं. दुसऱ्या बाजूस म्हणणें असें कीं, बखरी, मोगल तवारिखा आणि आधुनिक इतिहासकार यांत मतभेद आहेत. ते सांगणें हा गुन्हा ठरला तर इतिहासच लिहितां येणार नाहीं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु इतकी मोठी खळबळ झाली असतां त्या लेखाच्या चर्चापानावर जाऊन, अमुक वाक्याला अमुक इतिहासकाराचा आधार पुरेसा नाहीं व त्याच्या उलट अमुक पुरावा आहे, असें सप्रमाण मांडणारे किती निघाले, हाही प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. ज्या समाजानें भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें, राजवाड्यांसारखे कागद धुंडाळणारे निर्माण केले, त्याला पुराव्याची भाषा परकी नाहीं.

प्रादेशिक अस्मितेचे तंटे तर नांवावरूनच सुरू होतात, आणि ते आपल्याच वांट्याला आलेले नाहींत. बाल्टिक समुद्रावर एक बंदर आहे. पोलिश लोक त्यास ग्दान्स्क म्हणतात, जर्मन लोक डान्झिग. या नांवावरून इंग्रजी विकिपीडियावर इतकी ओढाताण झाली कीं २००५ सालीं रीतसर कौल घ्यावा लागला. ठरलें तें असें: १३०८ ते १९४५ या काळाविषयीं लिहितांना डान्झिग म्हणावें, त्यापूर्वीं व त्यानंतर ग्दान्स्क. नांवाला कालमर्यादा घालून दिली आणि तंटा बराच निवळला. युक्रेनच्या राजधानीचें रशियन वळणाचें नांव बदलून युक्रेनी वळणाचें नांव त्याच कोशानें २०२० सालीं स्वीकारलें, तेंही वर्षानुवर्षांच्या चर्चेनंतर. भारताविषयींच्या लेखांत पहिल्या ओळींत स्थळाचें नांव कोणकोणत्या लिपींत द्यावें यावरून इतके झगडे झाले कीं, २०१२ च्या सुमारास तेथें भारतीय लिपी पहिल्या ओळींत घालूंच नयेत असा निर्णय झाला. भाऊबंदकी विकोपाला गेली म्हणजे सामाईक विहीरच बुजवितात, तसें हें झालें.

आपल्या घरचें उदाहरण बेळगांवचें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तें म्हैसूर राज्यांत गेलें. १९६६ त महाजन आयोग नेमला गेला, १९६७ त त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानें तो मानला नाहीं. २००४ सालीं महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयांत गेला. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकानें शहराचें अधिकृत नांव बेळगावी केलें. या शहरावर लेख लिहितांना एकानें 'कर्नाटकांतील' हा शब्द काढून 'महाराष्ट्रांतील' असा घातला, तर त्याची तळमळ आपण समजूं शकतों. पण वाचकाची त्यामुळें फसवणूक होते. आणि केवळ 'कर्नाटकांतील शहर' एवढेंच लिहून पुढचा सारा इतिहास गाळला, तर तीही फसवणूकच. आज तें कोणत्या राज्याच्या कारभारांत आहे, त्यावर कोणाचा दावा आहे, दाव्याचा आधार काय आणि तो कोठें प्रलंबित आहे, हीं चारही वाक्यें लिहिलीं म्हणजे मराठी आणि कानडी दोघांनाही तो लेख आपापल्या मुलांपुढें ठेवतां येईल. गोमंतकाची कहाणीही अशीच बोधप्रद आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलांत गोव्यानें वेगळें राहणें पसंत केलें. साहित्य अकादमीनें १९७५ त कोंकणीस स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ त ती राजभाषा झाली व १९९२ त घटनेच्या आठव्या परिशिष्टांत गेली. कोंकणी ही मराठीची बोली कीं स्वतंत्र भाषा, हा वाद त्यानंतरही पुष्कळांच्या मनांत धुमसत राहिला. पण गोवा विद्यापीठानें आपला कोंकणी विश्वकोश २०१३ सालीं सर्वांच्या उपयोगासाठीं मुक्त केला, २०१५ त कोंकणी विकिपीडिया उभा राहिला, आणि त्यांत देवनागरीबरोबर रोमी व कानडी लिपींतले लेखही नांदूं लागले. इंग्रजी कोशानें लिपींचा तंटा लिपी काढून टाकून मिटविला. कोंकणीनें सर्व लिपींना ओसरी दिली. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण मनुष्यास शोभणारा आहे.

आतां या सर्व प्रश्नांचा एकत्र प्रत्यय जेथें येतो त्या पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्याकडे येऊं. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीचें क्षेत्र, आणि १८९७ च्या रँडवधाशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे त्या चापेकर बंधूंचें गांव. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजविला. तो पडल्यावर मोगलांनीं चाकणचें नांव इस्लामाबाद ठेवलें. पुढें औरंगजेबानें पुण्याचेंही नांव मुहियाबाद केलें. दोन्ही नांवें फर्मानांत राहिलीं, लोकांच्या जिभेवर चाकण आणि पुणें हींच टिकलीं. ज्ञानकोशानें दोन्ही गोष्टी सांगावयास हव्या, कारण जें नांव टिकलें नाहीं त्याचाही इतिहास असतो.

फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि मोटारी, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने एकामागून एक आले. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ त महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेंत तेथें सतरा लाखांहून अधिक वस्ती मोजली गेली. नंतरच्या पिढींत कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोंचली. खानदेशांतून, मराठवाड्यांतून, विदर्भांतून, कोंकणांतून आणि पुढें उत्तर प्रदेश, बिहार व केरळापासून लोक आले. एकेकाळच्या मिरासदारांच्या गांवांचें उपऱ्यांचें नगर झालें. जानेवारी २०१६ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचें ८९ वें अधिवेशन येथें भरलें, तेव्हां या श्रमिकांच्या नगरानें आपल्यालाही साहित्याची चाड आहे हें दाखवून दिलें.

या नगरावर लेख कसा लिहावा? पहिल्याच वाक्यापाशीं अडतें. हें पुण्याचें उपनगर कीं स्वतंत्र शहर? महापालिका वेगळी, इतिहास वेगळा, तरी बाहेरगांवीं सांगतांना बहुतेक जण 'आम्ही पुण्याचे' म्हणतात. जुन्या घराण्यांतील मनुष्य लेखांत ग्रामदैवत, उरूस, बैलगाडा व वतन शोधील. कामगार आपला संप, आपली चाळ व आपला भोंगा शोधील. निर्वासित कुटुंबांतील नातू सिंध शोधील. यांतील एकाचेंच खरें मानलें तर बाकीचे आपल्याच शहराच्या लेखांत परके होतील. या ठिकाणीं मिरासदारी कोणाचीही नाहीं, हें जितक्या लवकर सर्वांस उमजेल तितकें बरें.

परंतु येथें एक खरी अडचण आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोशाचा नियम असा कीं विधानास प्रसिद्ध झालेला, विश्वसनीय आधार पाहिजे. स्वतःचें संशोधन तेथें चालत नाहीं. नियम योग्य आहे. त्यावांचून कोश म्हणजे गप्पांचा फड होईल. पण या गांवांविषयीं छापील आधार किती? १८८५ चें मुंबई इलाख्याचें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर, कांहीं ऐतिहासिक ग्रंथ, कांहीं वर्तमानपत्रांतल्या बातम्या. ज्या वाड्यावस्त्या, विहिरी, ओढे, देवराया आणि शेतांचीं नांवें कारखान्यांच्या भूखंडांखालीं गेलीं, तीं बहुतांशीं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडांत आहेत. गोतसभेंत वडील माणसाची साक्ष हा पुरावा होता. आजच्या कोशांत तो नाहीं. म्हणजे गॅझेटियर लिहिणाऱ्या परकी अधिकाऱ्याला शेजाऱ्यानें सांगितलेली गोष्ट प्रमाण, आणि तीच गोष्ट आज आजीनें नातवाला सांगितली तर अप्रमाण! नवख्याची दहा वाक्यें पुसलीं जातात त्यांत कित्येकदां अशी एखादी साक्ष असते, आणि वक्ता परत येईपर्यंत साक्षीदार उरत नाहीं.

यावर उपाय नियम मोडणें हा नव्हे. उपाय आधार निर्माण करणें हा आहे. केतकरांनीं आणि राजवाड्यांनीं तेंच केलें. पुरावा नाहीं म्हणून हात जोडून न बसतां तो शोधला आणि छापला. या पट्ट्यांतील महाविद्यालयांनीं प्रत्येक गांवच्या जुन्या माणसांच्या मुलाखती नांव, वय व तारखेसह टिपून प्रसिद्ध कराव्या. ग्रंथालयांनीं जुन्या स्मरणिका, संपांचीं पत्रकें, शाळांचे वृत्तांत जपावे. मग तीच आजीची साक्ष पुस्तकाच्या वाटेनें कोशांत येईल, आणि कोणाही प्रचालकाला ती पुसतां येणार नाहीं. आणि कोशांतील जुन्या मंडळींनीं एवढें करावें कीं निराधार वाक्य काढतांना त्या जागीं ठराविक सूचना न चिकटवितां एक प्रश्न विचारावा: हें आपणांस कोठून कळलें? या एका प्रश्नानें किती उपरी गांवांत राहतील याचा विचार करावा.

श्रोतेहो, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं संगणक वा फोन आहे, आणि प्रत्येकाला कोणत्या तरी गांवाविषयीं, व्यवसायाविषयीं किंवा ग्रंथाविषयीं असें कांहीं ठाऊक आहे जें मराठी कोशांत नाहीं. एखाद्या संध्याकाळीं धूळपाटीवर हात बसवून पाहा. पहिला लेख पुसला गेला तर रागावूं नका. चर्चापानावर जा, 'आपण' म्हणून विचारा, पुस्तकाचें नांव व पृष्ठ द्या, आणि शेवटीं चार नागमोडी रेघा काढावयास विसरूं नका. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.